माफीचा व्हिडिओ

तौफिकनं मोबाईलवर नको ते स्टेटस ठेवलं आणि दुपारपर्यंत पेठ पेटायला आली. बावीस वर्षांचा घोडा, अक्कल गुडघ्यात.

त्याचा बाप दस्तगीर मुजावर तालमीसमोर लेथ चालवायचा. तालमीचे वस्ताद आकाराम त्याचे जुने जोडीदार. मोहरमात तालमीत पिराचा पंजा बसायचा, तो उचलायचा मान वस्तादांच्या घराचा.

वस्ताद शांतता कमिटीत होते. कमिटी म्हणजे ठाण्यात चहा पिऊन फोटो काढून घेणारी माणसं. एकट्या वस्तादांनी ती मनावर घेतली होती. त्यांनी राजवीरला बोलावलं. त्यांचाच पठ्ठ्या, पण आता मोर्चेवाल्या संघटनेत गेलेला.

"काय पायजे तुमाला?"

"माफी. समद्यांसमोर. व्हिडिओ काढून."

"मग इषय संपला?"

"संपला की, वस्ताद! तुमच्या शब्दाभायेर हाय व्हय आमी?"

वस्तादांचं गणित सरळ होतं. पाठ टेकली की कुस्ती संपली. पडलेल्या गड्याला हात लावणारा त्यांनी आयुष्यात तालमीच्या मातीत, हौद्यात, उतरू दिला नव्हता.

दस्तगीर मात्र अडून बसला. "आकाराम, पोलिसात दिऊया त्येला. कायद्यानं व्हायचं ते हुदे. व्हिडिओ नगं."

"माझ्यावर इस्वास हाय का न्हाय तुजा?"

दस्तगीर उठला आणि पोराला तालमीत घेऊन आला.

तौफिक हौद्याच्या कडेला कान धरून रडला. वस्तादांनीच त्याच्याकडून बापाचं नाव, दुकानाचा पत्ता वदवून घेतला. म्हणजे माफी कशी पक्की!

तासाभरात व्हिडिओ पार वारणानगरापर्यंत पोचला. ज्यांना स्टेटसचा पत्ता नव्हता, त्यांना दुकानाचा पत्ता मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दीडशे जण आले. दस्तगीर शटरपुढं आडवा झाला, तर त्याचा उजवा हात मनगटात मोडला. मग लेथवर रॉकेल ओतलं. वस्ताद मध्ये घुसले तेव्हा राजवीर अगदी अदबीनं म्हणाला, "वस्ताद, बाजूला व्हा. धक्का लागंल."

संध्याकाळी कमिटी बसली. अध्यक्ष गणपतराव, राजारामपुरीत क्लासेस चालवणारे. "केस झाली तर पोरांच्या नोकऱ्या जातील हो. दस्तगीर तुमचं ऐकतो. तक्रार नाही म्हणून सही घ्या त्याची, मिटवून टाकू."

वस्ताद उठून दवाखान्यात गेले. दस्तगीरनं भिंतीकडं तोंड केलं.

"कमिटीनं धाडलं व्हय? सही न्यायला आलायस?"

"न्हाय. ठाण्यात नावं सांगाय चाललोय. तुला सांगून जावं म्हटलं."

"सांग, न्हायतर नगं सांगू. आमी मिरजंला चाललोय. कायमचं."

"दस्तगीर..."

"जा मर्दा. तुजं त्वांड बघवंना मला."

ठाण्यात फौजदारानं विचारलं, "ओळखलं का कुणाला?"

"एकवीस जणांस्नी. माझीच पोरं हायती. लिवा, पयला राजवीर."

एकेक नाव उच्चारताना म्हातारा धापा टाकत होता. नऊ नावं झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. फौजदाराच्या हातात पेन नव्हतं.

"वस्ताद, भायेर गणपतराव बसल्यात. एकदा बोलून घ्या की."

"पेन घ्या, सायेब," वस्ताद म्हणाले, आणि पुन्हा राजवीरपासून सुरू केलं.