बुडाला भोक नसलेलं काडतूस

मित्रांनो, १९५३ सालच्या पौषात समुद्रपूरच्या शिवारात मी डोमाजी नावाच्या एका शेतकऱ्याचा जीव वाचवला.

नाही. असं काही झालंच नाही. वरचं वाक्य वाचलं असेल तर कृपा करून विसरा. ज्या दोघांदेखत ते झालं, त्या दोघांनी तुरीच्या बांधावर उभं राहून ठरवलं की ते झालं नाही. गावापुढं तरी दोघंही अजून शब्दाला जागून आहेत. तेव्हा मी आपला रीतीनं पहिल्यापासून सुरू करतो.

मी एक जुनं पितळी काडतूस आहे. रायफलचं. वय वर्षं पाच. तुम्ही म्हणाल, पाच वर्षांचं कसलं जुनं? पण आमच्यात पुष्कळांचं आयुष्य एका आवाजापुरतं असतं. पाच वर्षं काढलेला माझ्यासारखा म्हणजे खापरपणजोबाच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कारखान्याचं नाव सांगत नाही, उगाच त्यांना पत्रं जातील. आधी मी पितळेची एक गोल चकती होतो. मग मला साच्यात दाबून दाबून नळीसारखं उंच केलं. खाली बूड, बुडाला बाहेरून एक इवलीशी वाटी. ह्या वाटीत ठिणगी देणारी टोपी बसवतात. शेवटचं यंत्र वाटीच्या मधोमध सुईएवढं भोक पाडतं. त्या भोकातून ठिणगी आत जाते, आतली दारू पेटते आणि गोळी सुटते. माझी पाळी आली तेव्हा त्या यंत्राची सुई मोडली. यंत्र खाली आलं, वर गेलं, आणि मी पुढे सरकलो. मला वाटलं, झालं.

माझ्या पेटीत आम्ही पन्नास भाऊ होतो, सगळे नवे कोरे, सगळे रिकामे, घरी भरून वापरायचे. सगळे धडके होते असं मात्र नाही. एकाचं तोंड लंबगोल होतं, जणू जन्मतःच कोणावर तरी रुसलेला. एक इतरांपेक्षा नखभर लांब होता आणि त्याचा त्याला गर्व होता. एकाच्या मानेला केसाएवढी चीर होती. ती तो भिंतीकडे वळवून ठेवी. तपासनीस आले, त्यांनी पेटीवर 'तपासलं, ठीक' असा शिक्का मारला आणि ते जेवायला गेले. त्यांची चूक नाही. त्यांनी पेटी तपासली होती, आणि पेटी खरोखरच ठीक होती.

पार्सलनं आम्ही समुद्रपूरला बंडोपंतांकडे आलो. बंडोपंत तिथल्या शाळेत चित्रकला शिकवत. गावाबाहेर त्यांचा थोडा हरभरा होता, आणि रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून रायफलचा परवाना होता. तयार काडतुसं मिळेनाशी झाली, तेव्हा त्यांनी रिकामी मागवून घरीच भरायचं ठरवलं. हे काम त्यांनी पूर्वी कधी केलेलं नव्हतं. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. बंडोपंतांनी फळ्यावर डुक्कर काढलं की मुलं विचारत, "सर, हा कोण माणूस?" खरं तर सगळ्यांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"माल एकदा जाणकाराला दाखवावा," असं बंडोपंतांच्या मनात आलं. समुद्रपुरात पितळेतला जाणकार एकच, भांड्यांचे व्यापारी मोतीलालजी. त्यांनी पेटी ठेवून घेतली. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या माल एकाच पद्धतीनं तपासत आल्या होत्या. भांड्यात पाणी भरायचं, उजेडाकडे धरायचं आणि बुडाकडे पाहायचं. आम्हा पन्नासांना त्यांनी ओळीनं पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी बंडोपंत दुकानात आले, तेव्हा मोतीलालजींचा चेहरा सुतकी होता.

"मास्तर, तुमाले फसवलं! पन्नासातले एकोणपन्नास गळून राह्यले."

"गळतात?"

"एकेकाच्या बुडाले भोक! सुईएवढं हाये, पन भोक म्हंजे भोक. असा माल मी उमरभर पाह्यला नाई." मग त्यांनी मला तळहातावर उभं केलं. "हा एकच निघाला. रातभर पानी भरून ठेवला, एक थेंब गळला नाई. एक नंबर माल!"

भोक लागतं की लागत नाही, हे बंडोपंतांना ठाऊक नव्हतं. पण दुकानात अडाणी दिसायला कोणालाच आवडत नाही. ते म्हणाले, "हं. मला शंका होतीच."

"काळजी करू नका. हे एकोणपन्नास ठेवा माह्याकडे. सगळ्यायले कथलाचा डाग लावून भोकं बुजवून देतो."

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मानाचा दिवस. माझ्या मानेला लाल दोरा बांधला. माझे भाऊ आपापली भोकं घेऊन डाग लावणाऱ्याकडे गेले, आणि मी ताठ मानेनं बंडोपंतांच्या खिशातून घरी गेलो. त्यांनी मला भरलं. आत दारू, तोंडात गोळी, बुडाच्या वाटीत टोपी. वाटीतल्या अंधारात टोपी मला म्हणाली, "पुढचा दरवाजा कुठाय?" मी म्हणालो, "कसला दरवाजा?"

त्याच आठवड्यात डोमाजीनं बंडोपंतांना बाजारात गाठलं होतं. "मास्तर, तुरीत डुक्कर घुसून राह्यला. शुक्रवारी पहाटे येजा." बोलावलं त्यानं आणि विसरलाही तोच.

शुक्रवारी पहाटे बंडोपंत बांधाआड बसले. जवळ काडतूस एकच, मी. थंडी अशी की रायफलची नळीसुद्धा आखडली होती. नुकतं फटफटत होतं. तेवढ्यात तुरीच्या दोन ओळींमध्ये काहीतरी काळं, गोल, बुटकं हललं. हुं. हुंऽ. असा आवाजही आला.

तो डोमाजी होता. काळी घोंगडी डोक्यावरून घेऊन लोट्यासह बसला होता. त्या पहाटे माझ्या बुडाला भोक नव्हतं आणि त्याच्या लोट्याला होतं. पाणी सगळं पायावर गळून गेलं होतं, म्हणून तो चरफडत होता. हे मला नळीतून काय दिसणार! बंडोपंतांना दिसत होतं, पण त्यांच्या डुकराविषयी मी आधीच सांगितलं आहे.

त्यांनी नेम धरला. नेम, दुर्दैवानं, उत्तम होता. चाप ओढला.

फट्.

टोपी फुटली. ठिणगी वाटीत गोल गोल फिरली, वाट शोधली, सापडली नाही, विझली. माझ्या पोटातली दारू झोपलेलीच राहिली.

तुरीतलं डुक्कर उभं राहिलं आणि धोतर सावरत ओरडलं, "कोन हाये रे तिकडं?"

 बंडोपंत म्हणाले, "मी... मी बंडोपंत."

"मास्तर? तुमीबी इकडंच आले काय?" डोमाजीचा आवाज एकदम मऊ झाला. "बरं झालं. पानी हाये का तुमच्याजवळ? माहा लोटा गळून राह्यला."

बंडोपंत मटकन खाली बसले. रायफल मांडीवरून घसरली. डोमाजी जवळ आला आणि पाहतच राहिला.

"हे बंदूक काऊन आनली इथं?"

 बंडोपंतांनी रायफलची नळी जमिनीकडे वळवली.

"अन् ते फट् कायचं वाजलं?"

"काडतूस."

"मंग?"

"उडालं नाही."

डोमाजीनं मागे तुरीकडे पाहिलं, आपल्या घोंगडीकडे पाहिलं, रायफलच्या तोंडाकडे पाहिलं. मग तोही बांधावर बसला.

"मले डुक्कर समजले काय?"

"पाठमोरे होता हो... काळं होतं... डोमाजी, माझ्या हातून आज..." बंडोपंत लहान मुलासारखे रडू लागले.

"राहू द्या, राहू द्या. माही बायको रोज समजते, तिचं काई नाई," डोमाजी म्हणाला. "पन तुमी शिकलेसवरले!"

आणि तो हसायला लागला. आधी एकटाच, मग रडता रडता बंडोपंतही. मग मला नळीतून बाहेर काढलं. तिथंच ठरलं, आज काही झालं नाही. बंडोपंतांना तोंड दाखवायला जागा राहिली नसती, आणि डोमाजीला गावानं जन्मभर डुक्कर म्हटलं असतं.

घरी डोमाजी भाकर खायला बसला आणि म्हणाला, "आज भाकर लय गोड झाली वो."

त्याच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, तवा खाली ठेवला. वीस वर्षांत असं वाक्य त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. "काय झालं? खरं सांगा."

"काई नाई झालं."

"मंग डोये काऊन भरले?"

पाच मिनिटांत त्यांना सगळं कळलं.  त्यांनी आणखी एक भाकर वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि गळका लोटा उचलून अंगणात भिरकावला.

बंडोपंतांनी माझ्या पोटातलं सगळं काढून टाकलं, आत नीट पाहिलं, ठिणगीला वाटच नव्हती हे ताडलं आणि मग मोतीलालजींचं दुकान गाठलं. मोतीलालजी उठून उभेच राहिले. "या मास्तर! एकोणपन्नासही तयार. डाग असे बसले, आता समुद्र भरला तरी गळनार नाई!" बंडोपंत वाकले आणि भर बाजारात त्यांच्या पाया पडले. मोतीलालजी अजून सांगतात की डाग लावण्याच्या कामाची इतकी कदर असलेलं गिऱ्हाईक दुसरं झालं नाही.

बंडोपंतांनी रायफल आणि परवाना सरकारात परत केला. डुक्कर अजून तुरीत येतं. ह्या प्रकरणातलं त्याला काही ठाऊक नाही.

मला बंडोपंतांनी सुलोचनाबाईंच्या पुढे ठेवलं आणि मान खाली घातली. बाईंनी मला उचललं, उलटं केलं, बुडावर नख फिरवलं. "भोक नाई. बेस हाये. सुया गळनार नाई." तेव्हापासून मी त्यांच्या गोधडीच्या सुया सांभाळतो. तोंडाला लाकडाचं बूच आहे. दिवाळीला त्या मला चिंचेनं घासतात. मधल्या काळात मी काळवंडतो, कोनाड्यात मागे पडतो, महिनोन्‌महिने कोणी विचारत नाही. तक्रार नाही. डोमाजी रोज माझ्यासमोर बसून जेवतो, आणि भाकर गोड झाली असं म्हणतो. तेवढं ऐकलं की माझी साफसफाई होते.

मित्रांनो, पितळ जपा, चिंचेनं घासा. आणि कोणाला निकामी म्हणण्याआधी तो कुठल्या कामाला निकामी आहे, तेवढं पाहा. आता मला एक पत्र लिहायचं आहे.

मेहेरबान तपासनीस साहेब, काडतूस कारखाना, यांचे सेवेशी. खाली सही करू न शकणारा अर्जदार, नग एक, पितळी, सध्या मुक्काम कोनाडा, विनंतीपूर्वक अर्ज करतो की, यापुढे आपल्या कारखान्यात तयार होणारं प्रत्येक काडतूस अर्जदाराच्या नमुन्याबरहुकूम, बुडाला भोक न पाडता, बाहेर पाठवावं. प्रत्येक नग पाणी भरून तपासावा, आणि गळेल तो नापास करावा. सबब, त्या यंत्राची मोडलेली सुई पुन्हा कधीही बसवण्यात येऊ नये.