खणातलं पाकीट

नाताळच्या आधीचे चार रविवार त्या घरात मोजून पाळले जात. पहिल्या रविवारी जेवणानंतर सासरे आपली लोकरीची टोपी उलटी धरत आणि सगळे त्यातून एकेक चिठ्ठी काढत. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याचं रोज एखादं काम नाताळपर्यंत गुपचूप करायचं, आणि नाव कुणापुढे फोडायचं नाही.

यंदा दोन्ही जावांनी एकमेकींकडे न बघता चिठ्ठ्या काढल्या. त्यांचं बोलणं तीन आठवडे बंद होतं. थोरली घरातच कपडे शिवायची, धाकटी दवाखान्यात नर्स होती. थोरलीची एकुलती एक लेक औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. पण तिला हवामान खात्यात जायचं होतं, दूर समुद्राकाठच्या केंद्रावर. थोरलीने साफ नाही म्हटलं, आणि धाकटीने पुतणीला गुपचूप अर्ज भरून दिला. ते बाहेर आलं त्या दिवसापासून स्वयंपाकघरात फक्त भांडी वाजत होती.

थोरलीला सासऱ्यांची चिठ्ठी आली. त्यांचे बूट ती रोज सकाळी पुसून ठेवू लागली. तिचंही कुणीतरी काम करत होतं. सकाळी शिवणाच्या खोलीत यावं तर मशीनला तेल घातलेलं, बॉबिन भरलेल्या, टाचण्या गोळा करून डबीत ठेवलेल्या. हे लेकीचंच काम, असं थोरलीने मनाशी धरलं आणि ती सुखावली.

त्यानंतरच्या मंगळवारी हवामान खात्याचं पाकीट आलं. घरात ती एकटीच होती. सही करून तिने ते घेतलं आणि धागे कापायच्या कात्रीने उघडलं. लेकीची निवड झाली होती. एक तुकडी नाताळच्या आधी निघणार होती, दुसरी जानेवारीत. कुठली हवी ते पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी पाचच्या आत कळवायचं, नाहीतर निवड रद्द.

तिने पाकीट मशीनच्या खणात अगदी तळाशी घातलं, वर अस्तराचे तुकडे रचले. आज रात्री सांगू, असं ती रोज म्हणायची. एक आठवडा गेला, तरी सांगणं झालं नाही.

गुरुवारी दुपारी तिने खडू काढायला खण उघडला. अस्तराचे तुकडे नीट घडी करून ठेवले होते. पाकीट वर होतं.

लेकीने पाहिलं, दुसरं कोण पाहणार?

जेवताना तिचा घास तोंडातच फिरत राहिला. डोळे लेकीच्या चेहऱ्यावर.

"आई, अशी काय बघतेस? तोंडाला काही लागलंय का?"

"काही नाही. जेव."

"आजोबा, पोस्टमन माझ्यावर रुसलाय हो," लेक हसत म्हणाली. "माझ्याबरोबर अर्ज केलेल्या मुलीला कधीच पत्र आलं. मला बहुतेक नाहीच."

ती हसत होती, पण शेवटी आवाज जरा चिरकला. हिला काहीच माहीत नव्हतं. थोरलीने मान वर केली. समोर धाकटी पाणी वाढत होती. तांब्या थोरलीच्या पेल्यावर येऊन क्षणभर थांबला, मग पुढे गेला.

शुक्रवारी उजाडताच थोरली शिवणाच्या खोलीत शिरली. धाकटी दवाखान्याच्या कपड्यांतच मशीनपुढे वाकली होती. हातात तेलाची कुपी.

"म्हणजे तू," थोरली म्हणाली.

"तुमची चिठ्ठी मला आली, ताई. बॉबिनची डबी शोधत होते. तेव्हा दिसलं."

"मग सांगून का नाही टाकलंस? तुला तर आयतंच मिळालं."

धाकटीने कुपीचं झाकण लावलं. "एकदा तुमच्या पाठीमागे केलं, त्याचं काय झालं ते बघतेय ना. पुन्हा नाही करणार. पण आज शुक्रवार आहे."

"आणि मी नाहीच दिलं तर?"

"चारला माझी ड्युटी संपते. तिथून सरळ तिच्या दुकानात जाईन. तुम्हाला सांगून जातेय, एवढंच."

"ती गेली की मी काय करू गं?" थोरली एकदम खाली बसली.

धाकटीने कुपी मशीनवर ठेवली. बस चुकेल म्हणून ती निघाली.

दहा वाजेपर्यंत थोरलीने एकच काज तीनदा उसवलं. मग पाकीट पिशवीत घातलं आणि ती चालतच दुकानावर गेली. काउंटरपुढे चार गिऱ्हाइकं उभी होती. ती रांगेत उभी राहिली.

"आई? बरं नाहीये का तुला?"

तिने पाकीट पुढे सरकवलं. लेकीने पत्र वाचलं, मग उलटून पोस्टाचा शिक्का पाहिला.

"हे कधी आलं?"

"मागच्या आठवड्यात, मंगळवारी. मीच लपवलं होतं."

लेकीचे ओठ पांढरे पडले. मालकांना विचारून तिने आतून फोन लावला. थोरलीला काचेतून फक्त तिची पाठ दिसत होती. परत आली ती डोळे पुसतच.

"जानेवारीच्या जागा सोमवारीच भरल्या. आता पहिलीच तुकडी. पुढच्या गुरुवारी निघायचं." ती थांबली. "मी नाताळ घरी करून जाणार होते, आई. तसंच ठरवलं होतं मी."

तो आठवडा थोरलीने लेकीचा जाड कोट शिवण्यात घालवला. लेक कामापुरतं बोलायची, बाही लांब कर, खिसा खोल हवा. धाकटी शेजारी बसून बटणं लावायची. दोघी जावांचं बोलणं सुरू झालं होतं, पण अजून चाचपडत, सुई दे, दोरा घे इतकंच. गुरुवारी लेकीने काकूला मिठी मारली, आजोबांना मारली. आईच्या हातातून तिने फक्त बॅग घेतली.

नाताळच्या दिवशी सगळे जेवायला बसले होते तेव्हा फोन आला. तो सगळ्यांच्या हातांतून फिरून शेवटी थोरलीकडे आला.

"कोट पुरतो का गं?"

"पुरतो. वारा फार आहे इथे. तो मोजायचंच काम दिलंय मला."

"माझं चुकलं, बाळा."

पलीकडे खिडकी लावल्याचा आवाज आला, वारा कमी झाला.

"चुकलंच," लेक म्हणाली. "राग गेलेला नाहीये माझा. उद्या सातला करते फोन. फोनजवळ राहा."