गव्हाच्या दाण्याएवढी बाळंतीण

एकोणीसशे अडुसष्ट साली मी संग्रहालयाच्या शंख विभागात चिठ्ठ्या लिहीत असे. किनाऱ्यावरून आलेले शंख आधी उकळायचे, मग वाळवायचे आणि मगच विभागप्रमुख साहेबांपुढे ठेवायचे, ही तिथली शिस्त. त्यामुळे साहेबांची उभी हयात शंखांत गेली, तरी आतली गोगलगाय जिवंत अशी त्यांनी क्वचितच पाहिली होती.

एका ट्रेमध्ये गव्हाच्या दाण्याएवढे, तपकिरी पट्ट्याचे चाळीस शंख होते. साहेब म्हणाले, "ही त्या मोठ्या जातीची पिल्लं. तिच्याच डबीत ओता."

"साहेब, यांच्या तोंडाची कड जाड झालीय. ही पुरी वाढलेली आहेत. जातच वेगळी आहे."

"बाई, तुमचं अक्षर सुंदर आहे. तेवढं पुरे."

पंधरा दिवसांनी संग्रहातल्या जातींची यादी छापायला जायची होती. एकदा छापली की माझे शंख जन्माची पिल्लंच राहणार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी खडकांत गुडघाभर पाण्यात वाकून तसल्याच सात जिवंत गोगलगायी शोधल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या बरणीत ठेवल्या. रोज पहाटे समुद्राचं ताजं पाणी आणायची. सासूबाई म्हणायच्या, "आम्हाला वेळेवर चहा नाही, आणि या पाहुण्यांची बडदास्त बघा!"

अकराव्या दिवशी त्यांनीच हाक मारली. "अगं, धाव! तुझी एक बाळंत झाली."

काचेला खसखशीएवढ्या अंड्यांचा पुंजका चिकटला होता.

मी बरणी मांडीवर घेऊन बसने संग्रहालय गाठलं. सासूबाईही आल्या, साक्षीला. साहेब भिंग लावून कितीतरी वेळ वाकलेलेच.

"मी पाच लेकरांची आई आहे, साहेब," सासूबाई म्हणाल्या. "पिल्लांना पिल्लं होत नाहीत, एवढं मला कळतं."

साहेबांनी भिंग ठेवलं आणि छापखान्याला फोन लावला. "थांबा. एक जात वाढलीय." मग दौत माझ्याकडे सरकवली. "लिहा, बाई. नवी चिठ्ठी."

मी टाक दौतीत बुडवला. अक्षर एकही वाकडं आलं नाही.

साहेबांनी उकळण्याची शिस्त त्याच महिन्यात मोडली. निवृत्त झाल्यावर ते स्वतः खडकांत उतरू लागले. सासूबाई नव्वदीपार जगल्या आणि सहावं बाळंतपण, गोगलगायीचं, आपणच केल्याचं सगळ्यांना सांगत राहिल्या. गोगलगायी मी पिल्लांसकट समुद्रात सोडल्या. मी पुढे परीक्षा दिल्या आणि त्याच विभागाची प्रमुख म्हणून निवृत्त झाले.