कपलर बसेना

निकिताने ट्रॅक्टरच्या मागच्या कपलरची कडी ओढून धरली आणि ट्रॉली उचलणाऱ्या तेलाच्या पाइपचं टोक आत दाबलं. बसेना. पुन्हा दाबलं. तेलाची बारीक चिळकांडी तिच्या बाहीवर उडाली आणि टोक हातातून निसटलं.

लासलगावात लिलाव झालेला कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली करायचा होता. वाटेत पाइप रस्त्याला घासायला लागला म्हणून तिनेच तो सोडून ठेवला होता. आता तो जोडल्याशिवाय ट्रॉली उचलणार नव्हती. मागे सहा ट्रॅक्टर खोळंबले होते.

"चहा," मडगार्डवर बसलेले वाल्मीकनाना म्हणाले. "चहा बंद कर."

सासऱ्यांना उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन गेला. हात सुधारला, पण शब्द भलतेच येत. ताटाला चप्पल म्हणत, नातीला गुरुवार. निकिताला अर्धं कळे, अर्धं राहून जाई.

"नाना, चहा नंतर. आधी हे बसू द्या."

"नाय! चहा!" त्यांनी मांडीवर हात आपटला.

खळ्याचा मुकादम सावळीराम हातोडी घेऊन आला. "व्हा बाजूला, ताई. दोन ठोके दिले की बसंल."

नाना घाईघाईने उतरायला गेले आणि त्यांचा पाय घसरला. निकिताने त्यांना कसंबसं सावरलं. त्यांना काय हवंय ते कळेना, आणि इंजिनाच्या आवाजात धड ऐकूही येईना, म्हणून तिने ट्रॅक्टर बंद केला.

"हां," नाना म्हणाले आणि एकदम शांत झाले.

मग त्यांनी मूठ आवळून हवेत काहीतरी मागेपुढे केलं. निकिता बघत राहिली. सीटशेजारचा लिव्हर? तिने बिचकतच तो ओढला, ढकलला. कुठेतरी फुस्स झालं. आत कोंडलेला दाब सुटला होता. या वेळी टोक टक्कन बसलं.

ट्रॅक्टर सुरू झाला, ट्रॉली हळूहळू उचलली गेली आणि मागच्या उघड्या फाळक्यातून कांदा धडधडत खाली आला.

"लय धीराची हाय की," सावळीराम म्हणाला. "कोण ही तुमची, बाबा?"

नानांचे ओठ दोनदा हलले.

"संतोष."

संतोष म्हणजे निकिताचा नवरा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

सावळीरामने गोंधळून तिच्याकडे पाहिलं. शब्द चुकला, असं सांगायला तिने तोंड उघडलं. नाना तिच्याकडेच बघत होते, अगदी स्वच्छ नजरेने.

"मुकादम," ती म्हणाली, "रिकामी ट्रॉली वजनकाट्यावर कुठून न्यायची?"