स्टोव्ह घेऊन गेलेला माणूस

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला प्रेमलालच्या घरात बर्फ पडायला सुरुवात झाली. बाहेर बालाघाटात मे महिन्याचं ऊन रस्ते भाजत होतं, आणि भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीत दोन गिर्यारोहक गुडघाभर बर्फातून वर चढत होते. माहितीपट खऱ्या हकीकतीवरचा, हिंदीत डब केलेला होता आणि शाळेत शिकवणाऱ्या सुनेने, दीप्तीने, लावला होता. शेजारचे हिरालाल आणि त्यांची बायको शांताबाईही येऊन बसले होते, कारण त्यांचा कूलर बिघडला होता.

सत्यभामा दिवाणावर उजवा पाय लांब करून बसली होती. त्या पायाच्या गुडघ्याचं येत्या मंगळवारी गोंदियाच्या दवाखान्यात ऑपरेशन होतं. सकाळीच नवऱ्याने, म्हणजे प्रेमलालने, तिला सगळा बेत समजावून दिला होता. नेमक्या त्याच मंगळवारी लामत्याला समाजाचा मेळावा होता आणि तिथे ज्येष्ठ समाजसेवक म्हणून त्याला शाल-श्रीफळ मिळणार होतं.

"तुले सकाळी दवाखान्यात पोचवून देतो," तो म्हणाला होता. "तू तं बेहोशच राह्यशीन, तुले काय समजते कोन हाय अन् कोन नाई? सत्कार आटपला का सांजच्याले मी वापस."

सत्यभामा काहीच बोलली नव्हती. तिचं न बोलणं तो पस्तीस वर्षं होकारात धरत आला होता, तसं त्याने ते आजही धरलं. तिला मात्र सकाळपासून एकच गोष्ट खात होती. डोळे उघडतील तेव्हा बाजूला आपलं कुणी असेल की नसेल?

इकडे टीव्हीपुढे प्रेमलालला कंठ फुटला होता. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत त्याने स्टोअरमध्ये तीस वर्षं काढली होती. ती खाण म्हणजे जमिनीत खोल खोल गेलेला खड्डा. त्याच्या काठावरून त्याने अनेकदा खाली डोकावलं होतं, आणि तेवढ्या बळावर तो डोंगरांचा जाणकार झाला होता.

"दोर गलत बांधला त्यानं," तो म्हणाला.

"यायले घरी काम नाई का?" हिरालाल म्हणाले. "कोनं सांगतलं होतं वर चढाले?"

"बायको कशी जाऊ देते म्हनते मी," शांताबाई म्हणाल्या आणि पन्ह्याचा तिसरा पेला उचलला.

मग खरी गोष्ट सुरू झाली. दोघांतल्या धाकट्याचे डोळे बर्फाच्या चकाकीने गेले. त्याला दिसेना, चालवेना. थोरल्याने त्याला तंबूत बसवलं, मदत घेऊन येतो म्हणाला आणि निघाला. जाताना बर्फ वितळवून पाणी करायचा एकुलता एक स्टोव्हही घेऊन गेला.

प्रेमलाल खुर्चीतून उठला. "सोडून चालला. अन् स्टोव्हबी घेऊन चालला. हा मानूस हाय का कोन हाय? मी असतो तं खांद्यावर टाकून आनला असता त्याले."

हे तो माणूस म्हणत होता, ज्याला गॅसचं सिलेंडर दारातून स्वयंपाकघरात न्यायलाही सून लागत असे. हिरालालांनी मान डोलावली. सत्यभामाने हातातला पेला खाली ठेवला.

बावीस वर्षांपूर्वी ती दोघं बैहरला लग्नाला निघाली होती. लग्न प्रेमलालच्या भाचीचं. घाटात बस बंद पडली आणि उतरताना सत्यभामाचा पाय खडीवरून घसरला. गुडघा बघता बघता सुजला. ड्रायव्हर-कंडक्टर मिस्त्री शोधायला गेले, बाकीचे प्रवासी चालू लागले. तेवढ्यात एक जीप आली. तिच्यात एकाच माणसाची जागा होती. "मी मामा हाय," प्रेमलाल म्हणाला. "मामा नसन तं पोरीले अंतरपाटाजवळ कोन आनन? मी लगेच गाडी भेजतो." आणि तो बसला. खांद्यावरच्या पिशवीत दोघांचा डबा होता, पाण्याची बाटली होती. पिशवी त्याच्याबरोबर गेली.

सकाळी अकरापासून ती त्या तापलेल्या बसमध्ये एकटी बसून होती. तहानेने जीभ टाळूला चिकटली. पाच वाजता जो टेम्पो आला, तो तिच्यासाठी निघालेला नव्हताच. तो बँडवाल्यांना घरी सोडायला चालला होता. लग्नघरी गाडीचं कुणाला सांगायचंच राहून गेलं होतं. मामाच्या पंगतीला आग्रह फार झाला होता.

ही हकीकत घरात सगळ्यांना पाठ होती, पण प्रेमलालच्या तोंडून. तिच्यात तो एक पाय बाहेर लोंबकळत ठेवून जीपमधून कसा गेला आणि मुहूर्त कसा गाठला, एवढंच होतं. बस होती, घाट होता. सत्यभामा त्यात कुठेच नव्हती.

टीव्हीतला आंधळा झालेला माणूस सहा दिवस तोंडात बर्फ धरून, ओढ्याच्या आवाजामागे सरपटत खाली आला आणि वाचला. शेवटी त्याला मुलाखतीत विचारलं, जोडीदाराचा राग येत नाही का? तो हसून म्हणाला, मी त्याला कधीच माफ केलं. शांताबाईंनी पदराने डोळे टिपले. प्रेमलालचाही आवाज भरून आला.

"याले म्हनते मोठं मन," तो म्हणाला.

"त्याच्यासंग तो पुन्हा डोंगरावर गेला, असं दाखवलं का?" सत्यभामाने विचारलं.

कुणाला काही कळेना. दीप्तीने टीव्हीचा आवाज कमी केला. "आई, ऐसा क्यों पूछ रही हो?"

"बैहरच्या घाटात यायनं मले बसमंदी सोडलं होतं. डबा अन् पानी यायच्याच खांद्यावर होतं. सहा घंटे बसून होती मी."

दीप्तीने सासऱ्याकडे पाहिलं. हिरालाल बंद पडलेल्या आपल्या कूलरची आठवण झाल्यासारखे खिडकीकडे पाहू लागले.

"तो विषय इथं काहून?" प्रेमलाल म्हणाला. "मी मामा होतो."

"मंगळवारी दीप्ती येईन माह्यासंग," सत्यभामा म्हणाली. "शाळेले सुट्टीच हाय तिच्या."

"हौ, मी येते," दीप्ती लगेच म्हणाली.

सत्यभामा प्रेमलालच्या तोंडाकडे पाहत राहिली. एवढं बोलूनही तिला अजून आशा होती, आणि त्या आशेचा तिला स्वतःलाच राग येत होता. सत्कार गेला चुलीत, मीच येतो, एवढंच त्याने म्हणायचं होतं. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, मग एकेक करून उतरल्या. त्याचा चेहरा मोकळा झाला.

"मग मी सकाळच्याच गाडीनं लामत्याले निंगू का?" तो म्हणाला. "म्हंजे फेटा बांधाले टाइम भेटन."

तिची उरलीसुरली आशाही गेली. मग तिला बरंही वाटलं, कारण आता वाट पाहायचं काम उरलं नव्हतं.

"निंगा," ती म्हणाली. "दीप्तीचा डबा तेवढा ठेवून जा."