दादाचे दोन हात

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, "ढकलायचं मशीन आता विसरा." यांना सांगायला काय जातंय! क्लबच्या मैदानाचं गवत कापते म्हणून तर माझं घर चालतं. शेवटी नर्सरीवाल्या काकांचा जुना छोटा ट्रॅक्टर घेतला, गवत कापायचा. वर बसायचं, किल्ली फिरवायची की झालं. त्यांच्याकडे चालवून पाहिला तेव्हा कसली कुरकुर नव्हती.

घरी आणल्या आणल्या दादानं त्याचा ताबा घेतला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जन्मभर रंगारी, वहिनी गेल्यापासून माझ्याकडेच राहतो. ब्रश त्यानं कधीच माळ्यावर टाकला होता, तो स्वतःहून खाली काढला. आणि दादाला अर्धवट काम खपत नाही. साधं दार रंगवायचं तरी आधी बिजागऱ्या उतरवणार. ट्रॅक्टरचाही एकेक भाग सुटा केला, गंज घासला, अस्तर मारलं, वर हिरव्या रंगाचे दोन हात दिले आणि सगळं होतं तसं जोडलं. "तू मला घरात घेतलंस. मी दुसरं काय देणार?" म्हणाला. मी म्हटलं, "गप रे, आलाय मोठा आभार मानणारा!" पण आत जाऊन डोळे पुसले, खोटं कशाला बोलू.

तिथून पुढे मात्र नाकी नऊ आले. रात्रभर बॅटरी चार्जरला लावली की सकाळी ट्रॅक्टर झोकात चालू व्हायचा. थोडं गवत कापून बंद केला की संपलं. किल्ली फिरवली तर नुसतं टिक. नवी बॅटरी आणली, तिचीही तीच गत. क्लबचे सेक्रेटरी येऊन म्हणाले, "ताई, रविवारी सामना आहे. शनिवारी मैदान तयार नसेल तर काम दुसऱ्याला द्यावं लागेल. माझाही नाइलाज आहे." अगदी सभ्यपणे म्हणाले. ओरडले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

मग भांडायला काका सापडले. फोन लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला. खटारा गळ्यात मारलात, बाईमाणूस बघून फसवलंत, जे सुचलं ते बोलले. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "झालं बोलून? मीटर घेऊन येतो," म्हणाले आणि खरोखरच आले.

आधी बॅटरीची टोकं पाहिली, घट्ट होती. फ्यूज पाहिला, ठीक होता. मग ट्रॅक्टर चालू करून मीटरच्या दोन वायरी बॅटरीला लावल्या. "इंजिन चालू असताना हा आकडा चढायला हवा. हा तर उतरतोय. म्हणजे बॅटरी नुसती खर्च होतेय, तिला भर मिळत नाहीये." इंजिनाकडून येणारी वायर तपासली, तिच्यात वीज येत होती. राहिली मधली रेग्युलेटरची डबी, इंजिनाची वीज बेतानं बॅटरीला देणारी, सांगाड्याला बोल्टनं आवळलेली. काका वाकून तिच्याकडे बघत राहिले.

"रंग कोणी दिला?"

"माझ्या दादानं."

"हात चांगला आहे त्यांचा." बोल्टावरून बोट फिरवत म्हणाले, "जरा जास्तच चांगला आहे."

चाकूच्या टोकानं त्यांनी डबीचा कोपरा किंचित खरवडला, एका सुट्या वायरचं टोक तिथं टेकवलं आणि दुसरं बॅटरीच्या वजा बाजूला. मीटरचा आकडा भराभर चढला! मी ओरडलेच, "अगं बाई!"

"डबी चांगली आहे," काका म्हणाले. "पण हिचं काम सांगाड्यातून चालतं. लोखंडाला लोखंड भिडायला हवं. इथं डबीखाली रंग, बोल्टाखाली रंग. दुसऱ्या कुणी वरवर फासला असता तर काही बिघडलं नसतं."

म्हणजे मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते. आणि चोर तरी कोण? आपलेच दात आपलेच ओठ!

"काका, हळू बोला," मी म्हटलं. "त्याला कळलं तर परत ब्रशला हात लावायचा नाही. आपण गुपचूप खरवडू. फ्यूज गेला होता म्हणू."

काकांनी मान डोलावली, पण त्यांची नजर माझ्या मागे गेली. दारात दादा उभा होता, हातात चहाचे कप. त्यानं सगळं ऐकलं होतं. कप पायरीवर ठेवून तो आत गेला.

बाहेर आला तो रंग खरवडायची पत्ती आणि पॉलिश पेपर घेऊन.

"सरका दोघं. तुम्ही नुसते ओरखडे काढाल."

डबी सोडवली. कडेनं चिकटपट्टी लावली आणि आतला तेवढाच रंग काढला, लोखंड चकचकीत दिसेपर्यंत. मग बोल्ट घासले. सगळं जोडून ट्रॅक्टर चालू केला तर आकडा आपोआप चढला, वायर न लावता. काकांना मी म्हटलं, "तुम्हाला नको नको ते बोलले हो."

"बोललात म्हणून तर आलो," ते हसले. "मनात ठेवून भंगारात घातला असतात तर?"

शनिवारी सकाळी मैदानावर उतरले. दादा कुंपणाशी येऊन उभा राहिला. मी वळले की तोही वळून बघायचा, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. अर्धं मैदान झालं आणि मी मुद्दाम मधोमध ट्रॅक्टर बंद केला.

दादा धावतच आला. "बंद का केलास? आता चालूच झाला नाही तर? तुझं काम जाईल ना गं, माझ्यापायी!"

"ये, तू चालू कर."

"मी नाही बाई."

"बस म्हणते ना!"

बसला बिचारा. किल्ली धरली. फिरवली, आणि पहिल्या झटक्यात ट्रॅक्टर चालू झाला. दादानं माझ्याकडे पाहिलं आणि लहान मुलासारखा हसला. वहिनी गेल्यापासून असा हसताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

"उतरू?" त्यानं विचारलं.

"उतरतोस कशाला? उरलेलं तूच काप. माझा गुडघा दुखतोय."

गुडघा मुळीच दुखत नव्हता. बाकावर जाऊन बसले. सेक्रेटरी आले, मैदानभर नजर फिरवली आणि म्हणाले, "काम तुमच्याकडेच राहील, ताई." मी हात जोडले. तिकडे दादाच्या रेघा सगळ्या वाकड्या पडत होत्या.

"अरे, सरळ बघ समोर!" मी ओरडले. आवाज नीट फुटला नाही, कारण मी रडत होते. भाऊ असावा तर असा, वाकडं कापणारा का असेना.