जोडावरचा भंडारा

निपाणीजवळच्या त्या गावात सोसायटीच्या ट्रॅक्टरला ड्रायव्हर दोन. थोरला भावकू, बारा वर्षं स्टिअरिंग धरलेला. दुसरा बौद्धवाड्यातला भीमसेन. ट्रॉली उचलणाऱ्या तेलाच्या पाइपाचा जोड सोडला की भीमसेन दोन्ही तोंडं पुसायचा, वर धुतलेलं फडकं घालून सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधायचा. मूळची टोपणं कधीच हरवली होती.

"लेकराला टोपडं घालतोस व्हय रं?" भावकू चिडवायचा.

"तेलात धूळ गेली तर ट्रॉली बसंल, आण्णा."

एक्क्याऐंशी सालच्या खंडेनवमीला भावकूनं ट्रॅक्टर धुतला. देवापुढं कळकट फडकी कशाला, म्हणून ती सोडली, जोड घासून लख्ख केले, आणि "उदो गं आई उदो" म्हणत मुठी मुठी भंडारा उधळला. भीमसेन पूजेला नव्हता. त्याच्या घरानं देव सोडून वीस वर्षं झाली होती.

दसरा झाल्यावर भावकूनं पाइप तसाच जोडला, न पुसता. चार दिवसांनी मुरुमानं भरलेली ट्रॉली भर रस्त्यात अर्धी उचलली आणि तिथंच अडकली. चेअरमन मारुतीराव धावत आले. भावकूला फडकी आठवली. पण उचलली जीभ लावली टाळ्याला!

"भीमसेननं तोंडं उघडी टाकली असणार."

मारुतीरावांनी भीमसेनकडची किल्ली तिथल्या तिथं काढून घेतली. "मी बांधलं होतं," एवढंच तो म्हणाला. भावकूनं मान वळवली आणि मुरूम ओढायला फावडं उचललं. आपण केवढं खोटं बोललो हे त्याला पुरतं कळत होतं. मोठेपणाची हौस माणसाला किती हलकं करते, बघा.

तिसऱ्या दिवशी बेळगावहून, खासबागेतनं, मेस्त्री आला. त्यानं जोड खोलला, आतला चिखल बोटावर घेतला, वास घेतला.

"ही हळद हाय की! तेलात हळद कुणी कालवली?"

भंडारा कुणाच्या हातचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मारुतीरावांनी किल्ली भावकूच्या हातावर ठेवली. "जा, ज्याची त्याला देऊन ये."

बौद्धवाड्याच्या वाटेवर भावकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भीमसेन दारातच कुदळीला दांडा बसवत होता. भावकूनं किल्ली पुढं केली.

"माझं चुकलं रं. फडकी मीच सोडलती."

"ठाऊक हाय, आण्णा. त्या दिवशी सांजच्याला बांधायला आलतो मी. फडकी धुऊन आणलती."

"मग बांधली का न्हाईस?"

भीमसेन दांड्याकडंच बघत राहिला. "पूजा झालती न्हवं. फुलं हुती, नारळ हुता. माझा हात लागला तर तुमास्नी चालंल का न्हाय, कळंना. म्हणून मागं फिरलो."

"असं काय बोलतोस," म्हणायला भावकूनं तोंड उघडलं, पण त्याला ती सांज आठवली. त्या सांजेला तो तिथंच, गाडीपाशी बसला होता. भीमसेननं हात लावला असता, तर पहिला आरडला असता तो भावकूच.